निकोटीनची विषबाधा : घर, वाट आणि रुग्णालय

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात आकस्मिक उपचार विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील कामाचा तपशील आणि जमाखर्च अहवालाच्या अन्य पानांवर आहेच. आमच्या विभागाला बोलण्याची संधी मिळाली आहे, तेव्हा एखाद्या यंत्राचे वर्णन करण्याऐवजी एका विषाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. हे विष आपल्या सातारा-सांगली भागाला नवे नाही. ते ज्या रूपात आता घरात येऊ लागले आहे, ते रूप मात्र नवे आहे. आणि या नव्या रूपाची ओळख घराला, गावातील डॉक्टरांना आणि आम्हांलाही वेळेवर पटली पाहिजे. हे विष म्हणजे निकोटीन.

आपल्या बोलीत एक शब्दप्रयोग आहे : ‘तंबाखू लागली’. पहिल्यांदाच तंबाखूची चिमूट तोंडात धरलेल्या पोराला घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात ढवळून ओकारी होते, आणि ओट्यावरची मंडळी हसून म्हणतात, ‘याला तंबाखू लागली’. वैद्यकाच्या भाषेत ही निकोटीनची सौम्य विषबाधाच होय. आपल्या समाजाने तिला नाव दिले, परंतु तिच्याकडे गंमत म्हणून पाहिले.

तसे पाहण्यास कारणही होते. निपाणीचा तंबाखूपट्टा कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांपर्यंत पोहोचलेला. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले ते याच निपाणीत. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, विडीत तंबाखू, आजोबांच्या चंचीत तंबाखू आणि चुन्याची डबी, आजीच्या हातात तपकीर किंवा मिश्री. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या, आणि त्यांतील बहुसंख्य ती ओढत नव्हत्या, तर तोंडात धरीत होत्या. जी वस्तू देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलेली असते, तिला विष म्हणण्यास जीभ सहसा धजत नाही.

परंतु ती विष आहे. १८२८ साली हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि रायमान या दोघांनी तंबाखूच्या पानांतून निकोटीन वेगळे काढले, आणि पुढे किडे मारण्यासाठी निकोटीन सल्फेट जगभर वापरले गेले. आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी असून केवळ निर्यातीसाठी त्याच्या उत्पादनाची मुभा आहे. तरीही तंबाखू पाण्यात उकळून त्याचा काढा पिकांवर फवारण्याची पद्धत शेतकऱ्यांमध्ये आहे. तो घरी केलेला, झाडपाल्याचा म्हणून निरुपद्रवी वाटतो. त्यात उतरलेले निकोटीन मात्र तेच असते. शिवाय हे द्रव्य कातडीतूनही शरीरात शिरते. दव पडलेले वा पावसाने भिजलेले तंबाखूचे पान हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या आणि चक्कर यांचा त्रास होतो. अमेरिकेत १९७० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेतील तंबाखू मजुरांमध्ये त्याचा अभ्यास केला.

मग एवढे विष घराघरात असूनही लहान मुले त्यातून बहुधा वाचत का आली? याचे उत्तर साधे आहे. या विषाने स्वतःच स्वतःवर राखण ठेवली होती. तंबाखू कडवट असते, जिभेला झोंबते. रांगते मूल ती तोंडात घालते आणि थुंकते. थोडी पोटात गेलीच तर उलटी होते आणि बरेचसे विष बाहेर पडते. शिवाय पानातले निकोटीन सावकाश सुटते. याचा अर्थ मिश्रीची डबी किंवा विडीचे थोटूक सुरक्षित आहे असा कोणी घेऊ नये. पण कडूपणा, ओकारी आणि सावकाशपणा असे तीन राखणदार तेथे होते, एवढे खरे.

ई-सिगारेटच्या बाटलीने यांतील दोन राखणदार काढून घेतले आहेत.

ई-सिगारेट हे विजेरीवर चालणारे छोटे उपकरण. चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले. आतील द्रव तापतो, त्याची वाफ होते आणि ती ओढली जाते. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध आणि निकोटीन असते. सुगंध आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा, चॉकलेटचा. बाटली रंगीत, डोळ्यांत घालण्याच्या औषधाच्या कुपीएवढी. कडूपणा गोड वासाखाली झाकला गेला आणि निकोटीन आधीच विरघळलेले असल्यामुळे सावकाशपणाही गेला. उरली ती केवळ ओकारी.

प्रमाणाचा हिशेब करून पाहू. एक सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जाते. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने अशा द्रवात प्रत्येक मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची आणि बाटलीला १० मिलिलिटरची मर्यादा घातली. म्हणजे कायद्याने मान्य असलेल्या, लहानात लहान वाटणाऱ्या बाटलीतही २०० मिलिग्रॅम निकोटीन असू शकते. चहाच्या एका चमच्यात ते १०० मिलिग्रॅम भरते. दहा किलो वजनाच्या मुलाने तो चमचा गिळला, तर किलोमागे दहा मिलिग्रॅम झाले. जुन्या पुस्तकांत मोठ्या माणसाची प्राणघातक मात्रा ६० मिलिग्रॅम अशी दिलेली असे. ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाचे बर्न्ड मायर यांनी २०१४ साली दाखवून दिले की हा आकडा एकोणिसाव्या शतकातील संशयास्पद प्रयोगांवर आधारलेला आहे आणि प्रत्यक्ष मात्रा अर्ध्या ग्रॅमहून अधिक असावी. ही माहिती मोठ्या माणसाला थोडा धीर देणारी आहे. दहा किलोच्या बालकाच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबून घरी थांबता येत नाही.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील विषमाहिती केंद्रांकडे ई-सिगारेटविषयी सप्टेंबर २०१० मध्ये महिन्याला एक दूरध्वनी आला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये महिन्याला २१५ आले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुलांविषयी होते. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे बालक असा द्रव पोटात जाऊन दगावले. त्यानंतर, जानेवारी २०१६ मध्ये, मुलांना उघडता येणार नाही अशी झाकणे बाटल्यांना बंधनकारक करणारा कायदा तेथे झाला. येथे एक खुलासा करतो. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना गंभीर इजा होण्याची जी साथ गाजली, ती वेगळी; तिचा संबंध प्रामुख्याने व्हिटॅमिन ई ॲसिटेट या भेसळीशी जोडला गेला. आज आम्ही बोलतो आहोत ते निकोटीनच्या विषबाधेविषयी.

आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. या बंदीचे आम्ही स्वागतच करतो. तथापि तिचा एक परिणाम आमच्या दारात येऊन उभा राहतो. चोरट्या वाटेने आलेल्या बाटलीवर प्रमाणाची चिठ्ठी विश्वासार्ह नसते, झाकण सुरक्षित असेलच असे नाही, आणि घरात ती लपवून ठेवलेली असते. लपविलेली वस्तू मोठ्यांना दिसत नाही. मुलांना मात्र हटकून सापडते.

आता असे समजू या. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास राहणारे सातारकर काय किंवा गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली विटा-आटपाडीकडील कुटुंबे काय, यात्रेला आणि दिवाळीला आपापल्या गावी परततात. घर माणसांनी भरते, पिशव्या खोलीच्या कोपऱ्यात पडतात. दुपारी सगळे जेवणात असताना दोन वर्षांचे मूल एका पिशवीतून रंगीत कुपी काढते, चावते, चोखते. पाच-दहा मिनिटांत ते ओकते, लाळ गळू लागते, चेहरा पांढराफटक पडतो, अंग घामाने भिजते, हात थरथरतात. कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते नजर लागली. ज्याची कुपी आहे त्याला खरे कारण ठाऊक असते, पण वडिलांसमोर बोलावे कसे, म्हणून तो गप्प राहतो. हा गप्प राहण्याचा वेळ सर्वांत घातक असतो.

कारण निकोटीनच्या विषबाधेचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात सारे काही चेतवले जाते : उलट्या, लाळ, घाम, धडधड, वाढलेला रक्तदाब, अस्वस्थता, प्रसंगी आकडी. मात्रा मोठी असेल तर अर्ध्या तासानंतर, काही तासांच्या आत, दुसरा टप्पा येतो. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मूल सुस्त होते, स्नायू ढिले पडतात आणि अखेर श्वास घेणारे स्नायूही थकतात. नातलगांना वाटते, रडून रडून झोपले. ती झोप नसते.

अशा वेळी घराने काय करावे, हे आम्ही येथे क्रमाने सांगतो. पहिले, हातातील व तोंडातील वस्तू काढून घ्यावी, ओठ व तोंड ओल्या फडक्याने पुसावे. दुसरे, द्रव अंगावर सांडला असेल तर कपडे उतरवून अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने आपलेही हात धुवावेत. तिसरे, उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. घशात बोट घालणे, मिठाचे पाणी पाजणे, दूध, तूप वा लिंबू देणे, यांतील काहीही करू नये. मिठाच्या पाण्याने बालकाच्या रक्तातील क्षार धोकादायक पातळीला जातात, आणि सुस्त मुलाने ओकलेले अन्न श्वासनलिकेत उतरते. चौथे, मूल सुस्त असेल किंवा ओकत असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे. आकडी आली तर कांदा वा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. पाचवे, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि गाडी लवकर मिळत असेल तर जवळच्या रुग्णालयाची वाट धरावी. सहावे, ती कुपी, ते उपकरण किंवा तंबाखूची पुडी सोबत आणावी. मूल बरे दिसत असले तरी ते दाखवावे. काही तास देखरेखीखाली राहिले म्हणजे मगच निश्चिंत होता येते.

सहाव्या सूचनेवर आम्ही थोडे थांबतो. आपला भाग द्राक्षाचा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे फवारणीची औषधे घरोघरी असतात. लाळ, घाम, उलट्या, थरथर अशा स्थितीतील रुग्ण आला की येथील कोणत्याही डॉक्टरच्या मनात प्रथम ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक येते, आणि ते योग्यच आहे. दोन्ही विषे मज्जातंतूंच्या एकाच संदेशयंत्रणेत बिघाड करतात, म्हणून आरंभी त्यांचे चित्र पुष्कळसे सारखे दिसते. इमिडाक्लोप्रिडसारखी नव्या पिढीतील कीटकनाशके तर निकोटीनच्याच नमुन्यावर बेतलेली आहेत. परंतु उपचारांच्या दिशा पुढे वेगळ्या होतात. ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपीन हा मुख्य आधार, आणि ते कित्येकदा फार मोठ्या मात्रेत द्यावे लागते. निकोटीनमध्ये ॲट्रोपीन लाळ व मंदावलेली नाडी यांपुरते उपयोगी. स्नायूंची दुर्बलता त्याने हटत नाही. अशा वेळी नातलगाने पुढे केलेली एक छोटी कुपी आमचे अनेक अंदाज वाचविते. रक्ता-लघवीच्या तपासण्यांनी निकोटीन ओळखता येते, पण अहवाल हाती येईपर्यंत निर्णयाची वेळ निघून गेलेली असते.

आणि म्हणूनच भीतीने कुपी लपवू नका. विषबाधेच्या रुग्णाची नोंद नियमाप्रमाणे पोलिसांना द्यावी लागते, हे खरे. पण ती सर्वांसाठीच आहे आणि तिच्यासाठी उपचार अडत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे की प्राण वाचविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, कायद्याचे सोपस्कार त्यानंतर. आमच्या टेबलावर आलेल्या मुलाच्या काकाला आम्ही दोष देत नाही. आम्ही त्याला एकच प्रश्न विचारतो : काय होते, आणि किती होते?

रुग्णालयात आम्ही काय करतो, हे देणगीदारांना ठाऊक असावे. निकोटीनवर उतारा नाही. सर्पदंशाला जशी लस आहे, तसे काही येथे नाही. श्वासमार्ग मोकळा करणे, लाळ शोषून घेणे, प्राणवायू देणे, रक्तातील साखर पाहणे, हृदयाचा आलेख काढणे, सलाईनने रक्तदाब सावरणे, आकडीवर मिडॅझोलम किंवा लोराझेपाम देणे, नाडी फार मंदावल्यास ॲट्रोपीन. मूल पूर्ण शुद्धीवर असेल आणि फार वेळ गेलेला नसेल, तर विष शोषून घेणारा औषधी कोळसा देण्याचा विचार होतो. सरसकट पोट धुणे मात्र आता होत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर नळी घालून कृत्रिम श्वसनयंत्र लावावे लागते. शंका असल्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून असलेल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा सल्ला घेता येतो. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

आता या विषाचा एकमेव चांगला गुण सांगतो. ते शरीरात टिकत नाही. साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, आणखी दोन तासांत चौथाईवर. यकृत आपले काम करीतच असते. म्हणजे गंभीर रुग्णासाठीही प्रश्न बहुधा एका रात्रीचा असतो. ती रात्र त्याचा श्वास कोणीतरी चालू ठेवला, आणि तोवर मेंदूला प्राणवायू कमी पडला नाही, तर सकाळी ते मूल आईला हाक मारण्याची आशा मोठी असते. उतारा नसलेल्या विषावर श्वास हाच उतारा आहे.

या एका रात्रीसाठी काय लागते? चालू स्थितीतील श्वसनयंत्र, लहान मुलाच्या मापाच्या नळ्या, अखंड वीज आणि प्राणवायू, आणि पहाटे तीन वाजताही मॉनिटरवरची नजर न हटविणारी प्रशिक्षित परिचारिका. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालयाचे काम सुरू केले तेव्हापासून या कृष्णाकाठाला रुग्णसेवेची परंपरा आहे. तरीही आटपाडी-जतच्या वाड्यावस्त्यांपासून किंवा पाटणच्या डोंगरातील गावांपासून अतिदक्षता विभागापर्यंतची वाट लांबच आहे. ती वाट आम्ही लहान करू शकत नाही. वाटेच्या शेवटी खाट, यंत्र आणि माणूस तयार ठेवणे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे. आपल्या देणगीची पावती ज्या कामाला लागते ते काम पुष्कळदा असे असते : वर्षभर सज्ज राहून एखाद्या रात्रीची वाट पाहण्याचे. या सज्जतेचा खर्च हिशेबात दिसतो, तिचे मोल मात्र एखाद्या घरालाच कळते.

शेवटी आमच्या माता-भगिनींना एक विनंती. नव्या कुपीला नावे ठेवताना जुनी डबी विसरू नये. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी मिश्री वा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८०० ११ २३५६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक आहे. आणि जोवर ती सुटत नाही, तोवर निदान डबी, चंची, विडीचे बंडल, काढ्याची बादली आणि पाहुण्यांच्या पिशव्या मुलांच्या हाताबाहेर, उंच फडताळात, कडीकुलपात असाव्यात.

जुन्या विषाची राखण त्याचा कडूपणा करीत होता. नव्या विषाची राखण आता आपल्यालाच केली पाहिजे : घराने फडताळाला कडी लावून, नातलगांनी खरे सांगून, आणि रुग्णालयाने रात्रभर जागून. यांतील शेवटचे काम आम्ही पत्करले आहे. आपल्या पाठबळावर ते पार पाडत राहू, अशी ग्वाही देतो.